वर्णपटातलं शिखर कुणाचं? इंदूरमध्ये घन पदार्थांवर प्रकाशाचं काम सुरू करणाऱ्यांसाठी

खंडवा रोडवर विद्यापीठाच्या भौतिकी विभागात एमएस्सीचा प्रकल्प हाती घेतलेले, होळकर सायन्स कॉलेजातून पुढे जायचं ठरवलेले, सिमरोलला आयआयटीत पीएचडीसाठी नुकतेच दाखल झालेले, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. तुमच्या गाईडनी हातात एक सॅम्पल दिलं आहे आणि म्हटलं आहे, "याचा वर्णपट काढून आणा." इथून पुढे काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी मुद्द्याचं. डिटेक्टरपर्यंत पोचलेला प्रकाश फक्त तुमच्या सॅम्पलचा कधीच नसतो. दिवा, लेझर, फिल्टर, सॅम्पलखालची काच, ग्रेटिंग (प्रकाश रंगांत विभागणारी बारीक रेघांची पट्टी), खोलीतला ट्यूबलाइट आणि खुद्द डिटेक्टर, प्रत्येकजण त्यात भर घालतो. प्रत्येकाचा वाटा ओळखून बाजूला काढल्यावर जे उरतं ते सॅम्पलचं. पहिल्या वर्षात एवढी एक सवय लागली तर बाकीचं शिकायला वेळ लागत नाही. ती नाही लागली तर महागातलं महाग उपकरणही कामाचं नाही.

पहिली पायरी: ऊर्जेचा हिशोब तोंडपाठ करा

१२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. (अचूक हवा असेल तर १२३९.८४ घ्या.) ६२० नॅनोमीटरचा तांबडा म्हणजे २ इलेक्ट्रॉन व्होल्ट, ५३२ चा हिरवा लेझर म्हणजे २.३३. रामनवाले (पदार्थावरून विखुरताना प्रकाशाची ऊर्जा किती बदलते ते मोजणारे) सेंटिमीटरच्या व्यस्तात बोलतात. तिथे १ इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे ८०६५.५. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा सुमारे २६ मिलिइलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला साधारण ६.६.

आता काही बँड गॅप (इलेक्ट्रॉनला भरलेल्या पट्ट्यातून वरच्या रिकाम्या पट्ट्यात जायला लागणारी किमान ऊर्जा) लक्षात ठेवा, खोलीच्या तापमानाचे: सिलिकॉन १.१२, गॅलियम आर्सेनाइड १.४२, कॅडमियम सल्फाइड २.४२, झिंक ऑक्साइड साधारण ३.३, हिरा ५.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. या आकड्यांवरून कोणता प्रयोग होईल आणि कोणता होणार नाही, ते उपकरण चालू करण्याआधीच कळतं. झिंक ऑक्साइडवर ५३२ चा लेझर टाकून बँडच्या कडेचं उत्सर्जन शोधत बसण्यात अर्थ नाही. २.३३ च्या फोटॉनने ३.३ ची दरी ओलांडता येत नाही. त्यासाठी ३२५ नॅनोमीटरचा हेलियम-कॅडमियम लेझर किंवा तसाच एखादा अतिनील स्रोत हवा. तेव्हा ५३२ ने काही उजळलेलं दिसलंच, तर ते दोषांमुळे असेल किंवा काचेमुळे, बँडच्या कडेमुळे नव्हे. डिटेक्टरचंही तेच आहे. सिलिकॉनचा कॅमेरा ११०० नॅनोमीटरच्या आसपास आंधळा होतो, कारण गॅपखालच्या ऊर्जेचा फोटॉन सिलिकॉन शोषूच शकत नाही. त्यापलीकडे बघायचं तर इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा डिटेक्टर मागा.

दुसरी पायरी: हातातल्या ग्रेटिंगने बघा

जुनी डीव्हीडी घ्या. तिच्या रेघांमधलं अंतर ०.७४ मायक्रोमीटर असतं, म्हणजे ती बऱ्यापैकी चांगली परावर्ती ग्रेटिंग आहे. खोक्याला बारीक फट पाडून तिच्यातून येणारा ट्यूबलाइटचा प्रकाश डीव्हीडीवर घ्या: पाऱ्याची निळी रेषा ४३५.८ ला, हिरवी ५४६.१ ला, आणि तांबड्यात फॉस्फरची ६११ च्या जवळ. मग पांढऱ्या एलईडीकडे वळा: ४५० च्या आसपास निळं शिखर आणि त्याच्या शेजारी पिवळ्याचा रुंद उंचवटा. संध्याकाळी सराफ्यात गेलात तर पाट्यांवरचे रंगीत दिवेही असेच बघा. सूर्याकडे आणि लेझरकडे मात्र यातून कधीही बघायचं नाही.

हे पोरखेळ वाटेल, पण या आकृत्या डोळ्यांत बसल्या की पुढे स्वतःच्या वर्णपटात ५४६.१ ला बारीक रेषा आली तर नवा शोध लागल्यासारखं वाटणार नाही. उठून खोलीतला दिवा बंद कराल.

तिसरी पायरी: सॅम्पल न ठेवता मोजा

नवे लोक ही पायरी गाळतात. माझ्या मते पूर्ण दिवस द्यावा असं काही असेल तर ते हेच.

लेझर बंद, झडप बंद, एवढ्यावर पहिलं रीडिंग घ्या: हा डिटेक्टरचा अंधार. मग झडप उघडी, लेझर बंद: ही खोली. संगणकाचा पडदा, उपकरणावरचे हिरवे-तांबडे छोटे दिवे, दाराखालची फट, सगळं यात दिसेल. मग लेझर चालू, सॅम्पलच्या जागी आरसा किंवा स्वच्छ सिलिकॉन: हा तुमच्या लेझरचा खरा चेहरा.

५३२ चे स्वस्त हिरवे लेझर बहुधा ८०८ नॅनोमीटरच्या डायोडने निओडिमियमचा स्फटिक पंप करतात, त्यातून १०६४ मिळतं, आणि ते दुप्पट वारंवारतेला नेऊन ५३२ केलं जातं. आत अवरक्त रोखणारा फिल्टर नसेल किंवा साधा असेल तर ८०८ आणि १०६४ दोन्ही थोडे थोडे बाहेर पडतात. ते डोळ्याला दिसत नाहीत, पण वर्णपटात नेमके तिथे येतात जिथे तुम्ही सॅम्पलचं उत्सर्जन शोधत असता. उपाय म्हणजे लेझरच्या तोंडाशीच अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावणं. सॅम्पलनंतर लावलेला फिल्टर ५३२ अडवेल, ८०८ ला वाट देईल.

ग्रेटिंगची एक गंमत इथेच बघून घ्या. ३५० नॅनोमीटरचा प्रकाश दुसऱ्या क्रमात ७०० च्या जागी उमटतो. ३२५ च्या लेझरने काम करत असाल तर ६५० ला एक सुरेख, टोकदार रेषा येईल आणि ती लेझरचीच असेल. लांब तरंगलांबी जाऊ देणारा फिल्टर लावला की ती गेली पाहिजे. न गेल्यास पुढे तपासा.

शिवाय कॅमेऱ्यावर मधूनच एक-दोन पिक्सेलची उंच सुई येते. ती विश्वकिरणांची. तेच रीडिंग पुन्हा घेतल्यावर ती त्या जागी नसते, म्हणून प्रत्येक मोजमाप किमान दोनदा करा. अक्षाची जुळणी पारा किंवा निऑनच्या दिव्याने करा, आणि रामनसाठी सिलिकॉनच्या ५२०.५ च्या रेषेने. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी खोलीचं तापमान चढलं की एसी चालू असूनही जुळणी सरकते.

सुरक्षेचं इथेच सांगतो, कारण लेझर पहिल्यांदा याच पायरीवर चालू होतो. ५ ते ५०० मिलिवॅटचा सततचा लेझर ३बी वर्गात येतो. त्याचा थेट किरणच काय, घड्याळाच्या काचेवरून उसळलेला किरणही डोळ्याचा पडदा जाळू शकतो. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. चष्मा त्याच तरंगलांबीचा हवा. ५३२ साठीचा नारिंगी चष्मा ६३३ च्या लेझरसमोर कुचकामी आहे. आणि किरणाच्या उंचीवर डोळे नेऊन कधीही बसू नका, खाली पडलेला स्क्रू उचलायलासुद्धा.

चौथी पायरी: शोषण

शोषणाचा वर्णपट सोपा वाटतो, म्हणून त्यात फसगत जास्त. बँड गॅपच्या वर थेट-गॅप (जाळीच्या थरथरीच्या मदतीशिवाय प्रकाश शोषणाऱ्या) पदार्थाचा शोषण गुणांक साधारण दहा हजार ते एक लाख प्रति सेंटिमीटर असतो. दहा हजार धरला तर १ मायक्रोमीटरच्या थरातून सुमारे ३७ टक्के प्रकाश पार होतो. तोच पदार्थ अर्ध्या मिलिमीटरच्या चकतीत घेतला तर पलीकडे काहीही पोचत नाही. उपकरण मात्र काहीतरी दाखवतंच: शोषणांक ३ किंवा ४ वर सपाट झालेली रेषा. ती सॅम्पलची नाही. ती उपकरणातल्या भटक्या प्रकाशाची मर्यादा आहे. त्या सपाटीच्या आधीचा वाकडा भाग धरून बँड गॅप काढला, तर तो गॅप पदार्थाचा नव्हे, चकतीच्या जाडीचा असतो. म्हणून जाडी मोजल्याशिवाय शोषण मोजायला बसू नका.

पातळ थरात वर्णपट लाटांसारखा वर-खाली होतो. हे थराच्या दोन पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशाचं व्यतिकरण, आणि ते वाया घालवू नये. लगतच्या दोन शिखरांच्या तरंगलांबींचा गुणाकार करा, त्यांच्यातल्या फरकाला अपवर्तनांकाच्या दुपटीने गुणा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. शिखरं ६०० आणि ७०० ला असतील आणि अपवर्तनांक २ असेल तर थर १०५० नॅनोमीटर जाडीचा निघतो. जाडी फुकटात मिळाली.

भुकटी असेल तर विसरित परावर्तन मोजा, संदर्भाला बेरियम सल्फेट घ्या आणि कुबेल्का-मुंकच्या सूत्राने त्याचं शोषणात रूपांतर करा. अतिनील-दृश्य उपकरणात ३२० ते ३५० च्या दरम्यान दिवा बदलतो आणि ८०० ते ९०० च्या दरम्यान बऱ्याचदा डिटेक्टर. तिथे छोटी पायरी दिसली तर ती उपकरणाची समजा.

टाउक आलेखाबद्दल (शोषणावरून बँड गॅप काढायची सरळ रेषेची पद्धत) माझं मत स्पष्ट आहे: तो लागतो त्यापेक्षा फार जास्त वापरला जातो. थेट गॅपसाठी शोषण गुणांक आणि ऊर्जा यांच्या गुणाकाराचा वर्ग, अप्रत्यक्ष गॅपसाठी वर्गमूळ, हे सगळ्यांना पाठ असतं. मग दोन्ही आलेख काढायचे आणि ज्यात रेषा सरळ दिसते तो गॅप घ्यायचा, असं चालतं. थोड्या भागात सरळ रेषा कुठेही बसवता येते. गॅप थेट आहे की अप्रत्यक्ष, हे आधी दुसऱ्या मार्गाने माहीत हवं. कडेशी एक्सायटॉनचं (एकमेकांना बांधलेल्या इलेक्ट्रॉन-होल जोडीचं) शिखर असेल तर ही पद्धत मुळातच लागू होत नाही. उत्तर लिहिताना दशांशानंतर तीन आकडे देण्याचा मोहही टाळा.

पाचवी पायरी: उत्सर्जन आणि रामन

पहिलं सॅम्पल म्हणून माणिक घ्या. अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या स्फटिकात थोडं क्रोमियम, एवढंच. हिरवा लेझर टाकला की ६९४.३ आणि ६९२.८ नॅनोमीटरला दोन बारीक तांबड्या रेषा येतात, इतक्या ठळक की डोळ्यालाही चमक दिसते. त्या वेगळ्या दिसल्या तर तुमच्या मांडणीची विभेदनक्षमता ठीक आहे. त्यांचं आयुर्मान काही मिलिसेकंदांचं आहे, म्हणून काळ मोजायला शिकण्यासाठीही माणिक उत्तम. गॅलियम आर्सेनाइडसारख्या पदार्थातले नॅनोसेकंद पुढे.

माणकापासून सुरुवात करायचं खरं कारण वेगळं आहे. पातळ थर बऱ्याचदा नीलमणी-स्फटिकाच्या चकतीवर वाढवले जातात. ती चकती म्हणजे तेच अॅल्युमिनियम ऑक्साइड, आणि तिच्यात क्रोमियमचा अंश बहुधा असतोच. डोळ्याला पूर्ण पारदर्शक दिसली तरी वर्णपटात तिची ६९४ ची जोडी येते. आता समजा तुम्ही अशा चकतीवरच्या कार्बनच्या थराचा रामन वर्णपट ६३२.८ च्या हेलियम-निऑन लेझरने घेतला. ६९४.३ ची रेषा रामनच्या अक्षावर १४०० ला बसते आणि ६९२.८ ची १३६९ ला. कार्बनच्या दोषांची पट्टी येते १३५० च्या आसपास. म्हणजे चकतीतल्या क्रोमियमकडे बघून कुणीही म्हणेल, "थरात दोष फार आहेत."

याची तपासणी एकच, आणि ती प्रत्येक नव्या शिखराला लावायची: लेझर बदला. रामनची रेषा लेझरपासून ठरावीक अंतरावर राहते, म्हणून नॅनोमीटरमध्ये ती सरकते. सिलिकॉनची ५२०.५ ची रेषा ५३२ च्या लेझरने ५४७.२ ला दिसते, ६३२.८ च्या लेझरने ६५४.४ ला. उत्सर्जनाचं शिखर उलट नॅनोमीटरमध्ये जागचं हलत नाही. वरच्या उदाहरणात ५३२ चा लेझर लावला तर क्रोमियमची जोडी रामनच्या अक्षावर ४३०० च्या पलीकडे जाते, आणि १३५० जवळ जे उरेल ते कार्बनचं. दुसरा लेझर नसेल तर कोऱ्या चकतीचा वर्णपट घ्या. तो तर कुठल्याही परिस्थितीत घ्यायचाच.

उत्सर्जन मोजताना लेझरची शक्ती दर वेळी दुप्पट-निम्मी करून बघा. शिखराची जागा तांबड्याकडे सरकत असेल तर सॅम्पल तापतं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली किरण एका मायक्रोमीटरवर एकवटला की एक मिलिवॅटही थोडा नसतो. रुंद शिखर नॅनोमीटरवरून इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये नेताना फक्त अक्ष बदलून भागत नाही. तीव्रतेला तरंगलांबीच्या वर्गाने गुणावं लागतं, नाहीतर शिखराची जागा आणि आकार दोन्ही चुकतात.

सहावी पायरी: थंडीत

थंड केल्यावर जाळीची थरथर कमी होते, रेषा बारीक होतात आणि खोलीच्या तापमानाला एकच गोळा दिसणाऱ्या शिखरातून दोन-तीन वेगळी शिखरं निघतात. गॅलियम आर्सेनाइडचा गॅप १.४२ वरून १.५२ च्या आसपास चढतो. इंदूरकरांचं नशीब असं, की विद्यापीठाच्या आवारातच यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे आणि तिथे कमी तापमानाचं काम वर्षानुवर्षं चालत आलं आहे. मुळात विद्यापीठांतल्या लोकांनी वापरावं म्हणूनच हे केंद्र आहे. तेव्हा संकोच न करता गाईडमार्फत विचारा.

क्रायोस्टॅटचा (सॅम्पल थंड ठेवणाऱ्या भांड्याचा) तापमापी जे दाखवतो ते तापमापीचं तापमान. सॅम्पल चांदीच्या लेपाने नीट चिकटलेलं नसेल तर ते कित्येक अंश गरम असू शकतं. खिडकीवर धूसरपणा आला की रीडिंग थांबवा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे हमखास होतं. जमेल तर ही मोजमापं माळव्याच्या कोरड्या हिवाळ्यासाठी राखून ठेवा. एक लिटर द्रव नायट्रोजनची जवळपास ७०० लिटर वायू होते आणि ती खोलीतल्या प्राणवायूची जागा घेते. बंद खोलीत, दार लावून, एकट्याने भांडं ओतायचं नाही. लिफ्टमध्ये भांड्यासोबत माणसाने जायचं नाही.

सातवी पायरी: एकेक फोटॉन

इथून क्वांटम प्रकाशिकी सुरू होते. हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी १९५६ मध्ये प्रकाश दोन डिटेक्टरांवर वाटून त्यांच्या चढउतारांचा मेळ बघितला. १९७७ मध्ये किंबल, डाजेने आणि मँडेल यांनी सोडियमच्या अणूंवर दाखवलं, की एकटा अणू एका वेळी एकच फोटॉन देतो, लगेच दुसरा नाही. आज हीच तपासणी हिऱ्यातल्या नायट्रोजन-रिक्तता केंद्रावर (कार्बनच्या जागी आलेला नायट्रोजन आणि शेजारची रिकामी जागा) करतात. ५३२ ने उत्तेजित करा, ६३७ ला त्याची मुख्य रेषा आणि तिच्यापुढे तांबड्यात रुंद पट्टा. अर्ध्या आरशाने प्रकाश वाटा आणि दोन्ही डिटेक्टर एकाच क्षणी किती वेळा वाजतात ते मोजा. शून्य विलंबाला ही संख्या सरासरीच्या अर्ध्याहून खाली गेली तर प्रकाश मुख्यतः एकाच केंद्राचा.

लेझर खूप मंद केला की एकेक फोटॉन मिळतो, असा समज सर्रास आढळतो. स्पंदामागे सरासरी ०.१ फोटॉन ठेवला तरी रिकामे नसलेल्या स्पंदांपैकी सुमारे ५ टक्क्यांत दोन किंवा जास्त फोटॉन असतात. आणि शून्य विलंबाला खड्डा पडत नाही, कितीही मंद करा.

डिटेक्टर जपा. ५३२ चा एक नॅनोवॅट म्हणजे सेकंदाला सुमारे २७० कोटी फोटॉन. एकेक फोटॉन मोजणारा डायोड त्याच्या शंभराव्या भागालाच गुदमरतो. खोलीतला दिवा लावण्याआधी डिटेक्टर बंद, हा नियम दारावर चिकटवून ठेवा. शेवटची एक सूक्ष्म गोष्ट: हे डायोड फोटॉन पकडताना स्वतःही क्षीण प्रकाश फेकतात, तांबड्यापासून अवरक्तापर्यंत. तो अर्ध्या आरशावरून दुसऱ्या डिटेक्टरात पोचतो आणि खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोटी शिखरं उभी राहतात. दोन डिटेक्टरांमधल्या मार्गाची लांबी बदला. शिखरं त्याप्रमाणे सरकली तर ती डिटेक्टरांची. अरुंद फिल्टर लावून ती घालवता येतात.

आठवी पायरी: कॅटला जाताना

राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राला गावात अजून कॅटच म्हणतात. तिथे दोन सिंक्रोट्रॉन (वेगवान इलेक्ट्रॉन गोल फिरवून त्यांचा प्रकाश वापरणारी यंत्रं) आहेत: ४५० मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टचा इंडस-१ आणि २.५ गिगाइलेक्ट्रॉन व्होल्टचा, सुमारे १७२ मीटर घेराचा इंडस-२. रुंद गॅपच्या पदार्थांचं काम असेल तर इंडस-१ ची आठवण ठेवा. साधारण १९० नॅनोमीटरच्या खाली हवेतला प्राणवायूच प्रकाश गिळतो, टेबलावरची मांडणी तिथे संपते आणि निर्वातातल्या बीमलाइनची गरज लागते. इंडस-२ मुख्यतः क्ष-किरणांसाठी.

वेळ अर्ज करून मिळतो. अर्जात प्रयोगशाळेतला शोषणाचा आणि उत्सर्जनाचा वर्णपट जोडा, नेमकी कोणती ऊर्जा आणि किती बारकावा हवा ते लिहा, आणि टेबलावर हे का होत नाही ते दोन ओळींत सांगा. प्रवेशपत्राची कागदपत्रं आधीच द्यावी लागतात, ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. जाताना सॅम्पलचे दोन तुकडे न्या, आणि सोबत कोरा सबस्ट्रेट, त्याच खोक्यातला, त्याच भट्टीतून तेवढ्याच तापमानाला काढलेला. बीम मिळाल्यावर पहिला वर्णपट त्या कोऱ्याचा घ्या.